हुंकारा

चोर म्हणे मी. म्हणू दे त्या प्रकाशकाला. कॅसेट खिशात घालून निघालो होतो, खरंय. दारात धरलं त्यानं, तेही खरंय. पण मी ती जाळायला नेत होतो. तर म्हणतो कसा, "अंगठेबहाद्दर माणसाला काय कळणार साहेबांचं साहित्य?" अरे, तू नुसतं छापलंस. त्यातली एकेक ओळ आधी माझ्या कानाखालून गेलीय.

तू माईकवाला ना? तुझं काम चालू दे, पण ऐक. माझ्याकडून काढून घेतलेली ती कॅसेट त्यानं तुझ्याकडे दिलीय, संध्याकाळी साहेबांच्या शोकसभेत लावायला.

सव्वीस वर्षं झाली. साहेबांच्या विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो मी. ते बाहेर बसून लिहीत होते. उडत्या गाड्या, लोखंडाची माणसं, असलं काहीतरी. मला म्हणाले, "पान्या, जरा ऐक." हातात पाना होता म्हणून पान्या, तेच नाव पडलं. ऐकून मी म्हणालो, "तुमच्या यानाला तेल कोण घालतं? गंजून बसेल की." त्यांनी कागद टराटरा फाडला आणि पहिल्यापासून लिहिलं. मग रोजचंच झालं. ते वाचणार, मी हुंकारा देणार. हं. जिथं माझा हं आला नाही, ती ओळ गेली. एवढा डोकेबाज माणूस, माझ्या एका हंवर अडून बसायचा.

शेवटी हात चालेना, तेव्हा टेपात बोलायला लागले. मी आठ दिवस भावाकडे गेलो आणि इकडे साहेब गेले. शेवटची गोष्ट माझी ऐकायची राहिली. म्हणून काल दुपारी ताईला, त्यांच्या पोरीला, म्हटलं, एकदा ऐकू दे. तिनं खोली उघडून दिली.

खिडक्या बंद. औषधाचा वास तसाच. त्यांची खुर्ची टेबलाशी, मी माझ्या जागी, भिंतीला टेकून. बटण दाबलं.

गोष्ट अशी. लांबच्या ताऱ्यावर एक माणूस मरतो. देह तिथंच राहतो, आवाज निघतो. पण आवाजाला उतरायला जागा पाहिजे. कुणाचा तरी गळा. जो हं म्हणेल, त्याचा.

इथं साहेब थांबले. सवयीनं मी म्हणालो, हं. लगेच पुढचं वाक्य. म्हटलं, जागा सोडली असेल माझ्यासाठी. पुढच्या वेळी मुद्दाम उशीर केला. उठलो, पाणी प्यायलो, चप्पल नीट लावली. टेप फिरतोय... साहेब गप्प. मी हं म्हणालो, तेव्हा बोलले.

तिथंच उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. खरं सांगतो, बरं वाटत होतं. माणूस जाऊन बारा दिवस झालेले, आणि तो माझ्यासाठी थांबतोय. मग जाणूनबुजून दिले हुंकारे. चौथ्याला आवाज टेपातून येईना, खुर्चीतून येत होता. सहाव्याला माझ्या मानेमागून... आणि गळ्यात आतून कुणी बोट फिरवावं तसं झालं. मी रुमाल तोंडात कोंबला.

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, "पान्या... झोपलास का रे?"

कॅसेट उपसून बाहेर आलो. ताई दारातच उभी.

"काका, पूर्ण ऐकलंत?"

"नाही. तू?"

"परवा. शेवटपर्यंत." आणि हसली. "पंपात बेडूक अडकला होता, आठवतं?"

तेव्हा ती जन्मली नव्हती. बेडूक मी काढला, साहेबांनी बघितला, तिसरं कुणी नव्हतं. आवाज तिचाच होता बरं. मग तिनं माझं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत, आणि कसंबसं म्हणाली, "काका, मला बाहेर..." तोंड उघडंच राहिलं. आवाज नाही. तेवढ्यात तो प्रकाशक आला, सभेचं ठरवायला.

ते साहेबच असतील तर असं का करतील? पोरीवर जीव होता त्यांचा. आणि साहेब नसतील, तर बेडूक कुणाला माहीत?

पोरीचं काय करायचं ते मी बघतो. पण आज तीनशे माणसं बसणारेत इथं. सगळी त्यांच्यावर जीव टाकणारी. साहेब मधेच थांबले की तीनशे तोंडांतून हं निघणार, कुणाला सांगावंही लागणार नाही. मशीन बिघडलं म्हण. शिव्या मी खातो.

...

मघापासून तू हं हं करतोयस. मी बोलत होतो तोवर ठीक होतं. पण आत्ता मी दम खायला थांबलो होतो, गप्प होतो. तरी तू दोनदा हं म्हणालास.

कानाला लावलंयस ते काढ.