दुपारी येणारा पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी हरकत नाही, आमच्या घरातसुद्धा सगळ्यांना पटलेली नाही. पण ज्याच्यावर बेतली तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आमचा दादा. मी हे लिहितेय आणि तो पलीकडच्या खोलीत कूस बदलतोय. खाट करकरते, ते मला इथपर्यंत ऐकू येतंय.

असल्या गोष्टी रात्रीच्या असतात, असं आपण धरून चालतो.

ही रात्रीची नाही.

ही भर दुपारची आहे. बाहेर लख्ख ऊन, खाली रस्त्यावर माणसांची ये-जा, आणि तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर.

त्या घरात दादा आणि वहिनी राहायचे. दोघंच. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. दुपारी दुकान बंद झालं की जेवायला घरी यायचा. वहिनी सकाळी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायला बसायची आणि दुपारी घरी असायची.

दादाला ना पान, ना सिगारेट. नाद एकच.

आखाडा.

आखाडा म्हणजे मोबाइलवरचा एक ग्रुप. तिथे प्रत्येकाने आपलं एक पात्र उभं करायचं. कुणी योद्धा, कुणी चेटकीण, कुणी अर्धा लांडगा. मग त्या पात्राच्या तोंडून लिहायचं आणि दुसऱ्याच्या पात्राशी झुंजायचं. एक डाव याचा, एक डाव त्याचा, शेवटी बाकीच्यांनी मतं द्यायची. लढती दादा लावायचा. कोण कुणाशी भिडणार, मैदान कुठलं, भांडण झालं तर मिटवायचं कसं, सगळं तोच बघायचा. ग्रुपवर सगळे त्याला 'पंच' म्हणत. त्याचा एक नियम मोडलेला त्याला अजिबात खपायचा नाही. घाव आपण घालायचा, पण तो लागला की नाही, ते समोरच्याने सांगायचं.

त्याचं स्वतःचं पात्र होतं रणगाज. दोन हातांत दोन कुऱ्हाडी. पंच व्हायच्या आधी लढायचा, तेव्हा कधी हरला नव्हता.

"दिवसभर लोकांचे चष्मे पुसतोस आणि घरी येऊन कुऱ्हाडी परजतोस. बरंय बाई तुझं!" वहिनी चिडवायची.

मग एक दिवस तीच म्हणाली, "मलाही घे की तुझ्या आखाड्यात."

दादाने हौसेने घेतलं. तिथेच चुकलं, असं तो म्हणतो.

वहिनीचं पात्र होतं एक नावाडीण. हातात शस्त्र नाही. एक होडी, एक वल्हं, आणि बोलणं असं की समोरचा लढायचं विसरून जाई. ती जिंकत गेली. लोक लिहायला लागले, "पंच, तुमच्यापेक्षा वहिनी भारी!"

दादा हसला. पण पोटात दुखायला लागलं. बायकोचं कौतुक झालं की आनंद व्हायला हवा, हे त्याला कळत होतं. कळून काय उपयोग?

तो घरात तुटक बोलायला लागला. भाजीत मीठ कमी, दाराला कडी नीट नाही, काहीही निमित्त चालायचं. आणि त्याच सुमारास ग्रुपवर एक नवीन पात्र आलं.

त्याचं नाव... पाहुणा.

आखाड्यात कुणालाही घ्यायचं तर दादा किंवा मास्तर, दोघांपैकी एकाने घ्यावं लागे. मास्तर म्हणजे दादाचा ग्रुपवरचा जोडीदार, शाळेत गणित शिकवणारा. दादाने त्याला फोन केला.

"हा पाहुणा तू घेतलास?"

"मी कशाला घेऊ? तूच घेतलायस की. इथे तुझंच नाव दिसतंय."

दादाने घेतलं नव्हतं. विसरलो असेन, म्हणून त्याने सोडून दिलं.

पाहुणा लढायचाच नाही. मैदानात यायचा, नमस्कार करायचा आणि विचारायचा, "जरा बसू का?" बस. समोरचा चिडून घाव घालायचा. पाहुणा सांगायचा, "लागला नाही." नियमात बसत होतं. कोण काय बोलणार?

मग त्याची लढत नावाडिणीशी लागली.

वहिनीने त्याला होडीत घेतलं आणि नदीपार नेलं. दोघांनी मिळून असं काही लिहिलं की आखाडा वेडा झाला. "काय जोडी आहे!" कुणीतरी लिहिलं.

जोडी.

तो शब्द दादाच्या डोळ्यांत कुसळासारखा रुतला. वहिनी पलंगावर बसून मोबाइलकडे बघत हसत होती. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. लग्नानंतरच्या दिवसांत ते त्याच्यासाठी होतं.

त्या दिवसापासून त्याच्या नजरेला एकेक गोष्ट यायला लागली.

दुपारी घरी यावं तर दोन कप धुऊन पालथे घातलेले.

न्हाणीघरात टॉवेल ओला.

घड्याळाखालच्या खुर्चीवर टेकावं तर... ती गरम.

एकदा तो जिना चढून दारापाशी आला. आतून बोलण्याचा आवाज. वहिनी खळखळून हसली. मग कुणीतरी खोकलं. पुरुषाचा खोकला.

त्याने बेल वाजवली.

आवाज थांबले...

वहिनीने दार उघडलं. घरात कुणी नव्हतं. दादाने पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, पडदे सरकवले. खिडक्यांना जाळ्या आणि बाहेर पडायला दार एकच.

"काय शोधतोयस?" ती म्हणाली.

"कोण होतं?"

"फोनवर बोलत होते."

तिचा फोन चार्जिंगला लावलेला होता. स्वयंपाकघरात.

त्याने संशय गिळला, पण तो काही पचला नाही. दुकानात त्याच्या हातून काचा फुटायला लागल्या. मालक म्हणाला, "अरे, तुलाच चष्मा लागलाय की काय?" दादाने हसून वेळ मारून नेली आणि मनाशी ठरवलं, आता रंगेहाथ पकडायचं.

त्या दिवशी तो जेवायला गेलाच नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून राहिला. वहिनीला फोन नाही, निरोप नाही. संध्याकाळी नेहमीसारखा घरी गेला आणि चपला काढायच्या आत विचारलं, "आज दुपारी कोण आलं होतं?"

"तू."

"नीट सांग."

"नीट काय सांगू? तू आलास, जेवलास, त्या खुर्चीत जरा डुलकी काढलीस. जाताना म्हणालास, 'आज भाजी झकास झाली होती.'" ती त्याच्याजवळ आली. "खरं सांगू? हल्ली दुपारी कधी कधी तू किती छान असतोस रे! पहिल्यासारखा. आणि बाहेर जाऊन परत आलास की खाऊ का गिळू. असं का करतोस?"



दादा घरी गेलाच नव्हता.

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर दादा घाबरला असता. पण तो घाबरण्याआधी पेटला. त्याने मला नंतर सांगितलं, "तिचा कुणी यार असता ना, तर मी सहन केलं असतं गं. पण ती माझंच कौतुक करत होती... आणि ते माझं नव्हतं."

त्याच संध्याकाळी त्याने आखाड्यात लढत जाहीर केली. रणगाज विरुद्ध पाहुणा. पंचानेच लढायचं, हे नियमाला सोडून होतं. मास्तरने समजावलं. दादा ऐकेना. आणि वर पैजही लावली.

जो हरेल, त्याने जागा सोडायची.

त्याच्या मनात ग्रुपमधली जागा होती.

पाहुण्याने लगेच लिहिलं, "मान्य. मैदान मी सांगतो. दोन खोल्या. भिंतीवर घड्याळ. घड्याळाखाली खुर्ची, तिचा डावा हात जरा सैल आहे."

दादा त्याच खुर्चीत बसला होता. त्याचा कोपर डाव्या हातावर होता.

हात... हळूच डुगडुगला.

त्याने कोपर उचलला आणि दातओठ खात रणगाजच्या दोन्ही कुऱ्हाडी चालवल्या. आणि रागाच्या भरात तो आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करून बसला. त्याने लिहिलं, "घाव वर्मी बसला. तू मेलास."

लागला की नाही, ते समोरच्याने सांगायचं. हा त्याचा स्वतःचा नियम.



मग पाहुण्याचं उत्तर आलं.

"लागला नाही. आता ऊठ. तुझी वेळ झाली."

मतं पडली. नियम मोडला म्हणून रणगाज बाद. नावाडिणीनेही मत पाहुण्याला दिलं.

दादा फोन आपटून तडक बाहेर पडला. वहिनीने हाक मारली, "अरे, कुठे चाललास?" तिने त्याला म्हटलेलं ते शेवटचं 'अरे'. तो वळला नाही. रात्री मित्राकडे झोपला, सकाळी तिथूनच दुकानात गेला. दुपारपर्यंत राग ओसरला. चूक आपली आहे, माफी मागावी, म्हणून तो घरी निघाला. वाटेत तिच्या आवडीची फुलं घेतली.

खिशातल्या किल्लीने दार उघडेना. फिरायची, पण उघडायचं नाही.

त्याने बेल वाजवली.

वहिनीने दार उघडलं. चेहरा प्रसन्न. तिने दादाकडे पाहिलं, हातातल्या फुलांकडे पाहिलं.

"कोण हवंय आपल्याला?"

दादाला वाटलं, रुसलीय. तो म्हणाला, "चुकलो गं. आत तर येऊ दे."

ती एक पाऊल मागे सरली. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. मान मागे वळवून ती म्हणाली, "अरे, बघ ना जरा, कुणीतरी आलंय."

आत खुर्ची सरकली.

कुणीतरी खोकलं.

मग चपलांचा आवाज... फट्... फट्... दाराच्या दिशेने येत गेला... आणि दाराच्या अगदी मागे येऊन थांबला.

कुणी दिसलं नाही. फक्त दार आतून सावकाश लोटलं गेलं आणि बंद झालं. बंद होईपर्यंत वहिनीचे दोन्ही हात तर दादाला दिसत होते.

तो तसाच पळत आमच्याकडे आला. त्याला आईवडील नाहीत, माझी आई हीच त्याची आई. आईने वहिनीला फोन लावला.

"अगं, तो इथे आलाय रडत. काय झालं तुमचं?"

पलीकडून वहिनी हसली. "काहीतरीच काय, मावशी! तो घरीच आहे. आत्ताच जेवून पडलाय. उठवू का?"

आईने फोन ठेवला. 

आम्ही स्वस्थ बसलो असं नाही. मी आणि आई जाऊन आलो. वहिनीने हसत स्वागत केलं, चहा केला. खुर्चीवर त्याचा शर्ट होता, टेबलावर दोन ताटं. "अगं बाई, चुकामूक झाली. आत्ताच बाहेर पडला," ती म्हणाली. पुन्हा गेलो, पुन्हा चुकामूक. एकदा दादालाच सोबत नेलं. वहिनीने त्याला पाणी दिलं, पंखा लावला आणि मला हळूच विचारलं, "हे कोण गं? तुमच्याकडचे का?"

त्या घरात ती सुखात आहे. हे सगळ्यांत वाईट. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलीत, अंग भरलंय. डॉक्टर म्हणतात, दोघांच्याही मनावर ताण आहे. गोळ्या देतात. दादा घेतो. आखाडा त्याने सोडला. मास्तर सांगतो, हल्ली लढती पाहुणाच लावतो, आणि लोक खूश आहेत.

इथपर्यंतचं मी सगळ्यांना सांगितलंय. पुढचं कुणाला सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी वहिनीचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलली. मग म्हणाली, "थांब, त्यालाही बोलायचंय तुझ्याशी."

मी ठेवणार होते. खरंच ठेवणार होते.

"काय चिमणे," पलीकडून आवाज आला, "विसरलीस ना दादाला?"

त्याचाच आवाज. आमच्याकडे आल्यापासून दादाने मला एकदाही चिमणे म्हटलेलं नाही. हसलेलासुद्धा नाही. आणि हा हसत होता, माझी चौकशी करत होता, लहानपणी आम्ही गच्चीवरून पतंगासकट पडता पडता वाचलो होतो त्याची आठवण काढत होता. पहिल्यासारखा...

मी बोलत बसले.

फोन ठेवून वळले तर दादा दारात उभा होता.

"कोण होतं?"

"मैत्रीण," मी म्हणाले.

 माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखते. वहिनीकडे तो तसाच बघायचा.

कालही फोन आला.

मी उचलला.

मला भीती वाटते, अगदी खरं सांगते. घरात एकटी असले की अंगावर काटा येतो. पण आता दुपार होत आलीय, खाट करकरायची थांबलीय, आणि मी फोनचा आवाज वाढवून ठेवलाय.