टेबलावरचे चपटे दाणे

मॅरेनने शेडमधलं टेबल पुसलं आणि ती थबकली. फडक्याला बंदुकीच्या दारूचे दाणे चिकटले होते. चपटे! टेबलावरच्या डब्यातली रायफलची दारू तर बारीक काड्यांसारखी होती.

सकाळीच लाइलकाकांनी इथे आजोबांसाठी पन्नास काडतुसं भरली होती. शेतात बिळं करणाऱ्या गोफरांच्या, म्हणजे घुशीसारख्या प्राण्यांच्या, बिळात अडकून आजोबांच्या घोडीचा पाय मोडला, तेव्हापासून ते गोफर टिपायच्या हट्टाला पेटले होते. गोळीही त्यांनी स्वतः निवडली होती: हलकी, दगडावर आपटली तर तिथेच फुटणारी, कारण पलीकडे गाई चरायच्या.

चपटी दारू पिस्तुलाची, झपकन पेटणारी. ती रायफलमध्ये गेली तर रायफल तोंडावरच फुटायची. काम संपलं की दारू मोजून काडतुसात ओतणाऱ्या मापयंत्राची नळी ज्या त्या डब्यात रिकामी करायची, हा आजोबांचा नियम. काल पिस्तुलाची काडतुसं भरून झाल्यावर काकांनी तो डबा फळीवर ठेवला, नळी मात्र भरलेलीच राहिली. आज त्यांनी शेजारी रायफलचा डबा मांडला आणि भरायला बसले!

तिने सांगितलं तर काका कॉफी पीत हसले. "तीस वर्षं काडतुसं भरतोय मी. तू आपली झाडलोट कर."

वाद घालायला वेळ कुठे होता? धाकट्या भावाला, टेटला, घेऊन ती शेताकडे सुसाट धावली. आजोबा पिकअपच्या बॉनेटवर रायफल टेकवून, दुर्बिणीला डोळा लावून उभे होते. कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं. हाका मारून घसा बसला, पण मान वळेना.

"मागून धरूया त्यांना," टेट म्हणाला.

"वेडा आहेस? दचकून चाप ओढतील. गाडीत चढ आणि नाच!"

निशाण हललं की बोट चापाबाहेर, हे आजोबांनीच शिकवलं होतं. दोघं मागच्या हौद्यात चढून थयथय नाचली. गाडी डुलली. आजोबांनी बोट काढलं, रायफलचा बोल्ट उघडून काडतूस बाहेर काढलं आणि मगच ते भडकून वळले. "अक्कल गहाण ठेवलीत काय रे?"

मॅरेनने धापा टाकत सारं सांगितलं. ते तडक शेडकडे निघाले.

शेडमध्ये त्यांनी एक काडतूस हातोडीसारख्या अवजारात घालून आपटलं. टोकाची गोळी निघून आली, दारू तळहातावर सांडली. सगळे दाणे चपटे. लाइलकाका पांढरेफटक पडले. "बाबा, माझ्या हातून..."

आजोबांनी मॅरेनला जवळ ओढलं. "डोळे वाचवलेस माझे, पोरी. कदाचित जीवही."

उरलेली एकोणपन्नास काडतुसं काकांनी जेवायलाही न उठता एकेक करून उघडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायला बसले, तेव्हा रिकामी नळी त्यांनी मॅरेनपुढे धरली.

"बघ गं जरा. ओतू का?"