अल ऐनचं फुटलेलं काडतूस

अहमदच्या रायफलीची नळी मागून बंद करणारा बोल्ट फुटला आणि जळती दारू त्याच्या गालावर उडाली, तेव्हा हरणं केव्हाच टेकडीपार झाली होती. डोळा तेवढा वाचला. पण अहमदच्या पदरी असलेल्या, त्याची काडतुसं घरी भरून देणाऱ्या नूरुद्दीनवर आभाळ कोसळलं. अहमदचा भाचा सईद यानं फर्मानच काढलं, "खलास. शुक्रवारच्या ट्रकनं दुबई, तिथून बोटीनं मुंबई."

गनीला घास गोड लागेना. १९६४ साली तो रत्नागिरीहून इथं अल ऐनला आला, तेव्हा नूरुद्दीननं त्याला तीन महिने घरात ठेवून जेवू घातलं होतं. ते उपकार फेडायची हीच वेळ होती. त्यानं खासगी तपास करणाऱ्या मुनीर परकारला गाठलं. मुनीर पूर्वी मुंबईच्या कस्टममध्ये होता, आणि माणसांपेक्षा वस्तूंवर त्याचा विश्वास जास्त.

अहमद गालाला पट्टी बांधून बसला होता.

"त्या वेळी बोल्ट नेहमीसारखा बंद झाला?" मुनीरनं विचारलं.

"नाही. अडला. तळहातानं ठोकून बसवला."

सईदनं पडेल चेहऱ्यानं उत्तरं दिली. हो, काडतुसांची पिशवी दोन दिवस त्याच्याच खोलीत होती. हो, मामानं रायफल द्यायला नकार दिल्यावर भांडणही झालं होतं.

बाहेर येताच गनी कुजबुजला, "यानंच दारू वाढवली. केस सॉल्व्ह."

"तू असाच न्यायाधीश झालास तर फाशीचे दोर कमी पडतील," मुनीर म्हणाला.

नूरुद्दीनच्या घरी पडवीत हातानं फिरवायचं छोटं लेथ होतं. "रायफल झाडली की काडतुसाची पितळेची पुंगळी लांबते," तो सांगत होता. "पुन्हा भरण्याआधी तिचं तोंड कातून मापात आणायचं. कातलेल्या टोपलीत, बाकीच्या डब्यात. टोपलीतल्या माझी बायको जुलेखा धुऊन देते. चकचकीत दिसली की मी डोळे झाकून भरतो. पाच वर्षं हेच चाललंय."

जुलेखानं चहा आणला. तिचे डोळे सुजले होते. मागच्या फळीवर पितळेची भांडी लखलखत होती.

"माझ्या बाळंतपणात अहमदनी जीप पाठवली नसती तर मी आज नसते, मुनीरभाई," ती म्हणाली. "म्हणून ईदच्या आधी भांड्यांबरोबर त्यांच्या पुंगळ्यापण आमसुलानं घासल्या. एकूण एक. आणि बघा, त्यांच्याच तोंडावर फुटलं."

मुनीरनं उरलेली काडतुसं मागवली, नूरुद्दीनचं लांबी मोजायचं कॅलिपर घेतलं आणि एकेक मापून पाहिलं. मग तो म्हणाला, "यल्ला, सगळे अहमदच्या मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या खोलीत चला."

तिथं त्यानं सतरंजीवर काडतुसांच्या दोन ओळी मांडल्या.

"सईद निर्दोष आहे. दारू वाढवली असती तर फरक गोळी झाडताना पडला असता. इथं बोल्ट आधीच अडला. म्हणजे पुंगळी लांब होती. ठोकून बसवल्यावर तिच्या तोंडानं गोळीला चिमटा घेतला, दाब वाढला, बोल्ट फुटला. या ओळीतल्या सातही पुंगळ्या तशाच लांब आहेत."

"पण मी कातलेल्याच भरतो," नूरुद्दीन म्हणाला.

"तू चकचकीत भरतोस. या घरात आधी कातणं, मग धुणं. त्यामुळे चमक हीच कातल्याची खूण ठरली. वहिनींनी मात्र टोपलीतल्यांबरोबर डब्यातल्याही घासल्या, एकूण एक, आणि सगळ्या एकत्र झाल्या. आमसुलानं चमक येते, लांबी कमी होत नाही."

नूरुद्दीन जुलेखाच्या पुढे झाला. "तिला बोल लावू नका. मापून घेणं माझं काम होतं. मी आळस केला. शुक्रवारी मी जातो."

अहमदनं ओळीतलं एक लांब काडतूस उचलून पाहिलं.

"मला वाटत होतं, या घरात कुणीतरी माझा जीव घ्यायला टपलंय," तो म्हणाला. "दोन दिवस मी भाच्याच्या हातचं पाणी प्यालो नाही. शुक्र अल्लाचा, शत्रू कुणीच नव्हता. नूरुद्दीन, नवी रायफल येतेय. तिची काडतुसं तू भरायची. एकेक मापून."

सईदनं मान खाली घालून मामाला पाण्याचा पेला दिला. अहमदनं तो एका दमात संपवला आणि नूरुद्दीनला शेजारी बसवून घेतलं.