रतनच्या भिंतीला खिडकी

हरिबानं पहार उचलली तशी सहा वर्षांची पारू धावत आली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"न्हाई फोडायची. आईची हाय."

खरंच होतं पोरीचं. कारवीच्या काटक्यांच्या त्या लिंपलेल्या कुडावर रतनच्या बोटांच्या ओळी अजून जशाच्या तशा होत्या. शेणामातीत फिरलेला हात, चंद्रकोरीसारखे एकाखाली एक वळत गेलेले अर्धगोल... रतनला जाऊन तीन वर्षं उलटली होती. तिचं लुगडं विरलं, तिचा आवाजही मनात पुसट झाला, पण बोटं तेवढी मागं राहिली होती. आणि आज त्याच बोटांवर तो पहार घालायला निघाला होता!

पण दुसरा इलाज नव्हता. होळी झाली की सासू बनाबाई वेल्ह्याहून येणार होती आणि पारूला नि तीन वर्षांच्या धाकट्या गेनूला घेऊन जाणार होती. या अंधाऱ्या बिळात माझी लेक बाळंतपणात गुदमरून गेली, तिची लेकरं मी त्यात ठेवायची नाही, असं तिनं चार माणसांत सांगितलं होतं. घर उजेडाचं झालं तर बघू, एवढंच शेवटी म्हणाली होती. त्या 'बघू'वर जीव टांगून हरिबानं घर उकललं होतं.

आतली गुरं मांडवात गेली, चूल ओसरीच्या कोपऱ्याला गेली. पेंढा घालून तो माती तुडवायचा, पारू त्याच्या पावलात पाऊल टाकायची, नि गेनू चिखलात बसून खोकत खोकत माती तोंडाला लावायचा. लिंपण हे बायांचं काम. हरिबाचं पहिलं लिंपण वाळताच पोपडे धरून उठलं. शेजारची ठकुबाई म्हणाली, "हरिबा, भिंत लिंपलीस का पापड लाटलंस?" आणि हसत हसत पदर खोचून शेण किती, माती किती, ते दाखवून गेली. सायबाच्या लढाईपायी बाजारात लोखंडाचा खिळा मिळत नव्हता, म्हणून खिडकीचे बाभळीचे गज त्यानं खाचा पाडून तयार ठेवले होते.

त्यानं पारूला जवळ ओढलं. गेनूचा खोकला थांबायला हवा ना, म्हणून विचारलं. पोर रडली नाही. आईच्या बोटांच्या खुणांत तिनं एकदा आपली बोटं घालून पाहिली आणि बाजूला झाली.

छपराखाली जिथं पूर्वी छोटा झरोका होता तिथंच त्यानं पहार घातली. लिंपण ढासळलं, आणि आतून चिंध्यांचा एक बोळा त्याच्या पायाशी पडला. एका अंगानं स्वच्छ, दुसऱ्या अंगानं काजळीनं काळाठिक्कर...

हरिबानं तो ओळखला. बाळंतिणीला वारा बाधू नये, बाहेरचं काही आत येऊ नये, म्हणून बनाबाईनं त्या वेळी आपल्याच लुगड्याचा पदर फाडून झरोका बुजवला होता, आणि तरी कडेनं वारा येतोय म्हणून रात्री धुरानं काळ्या पडलेल्या बोळ्यावरून आतून लिंपलं होतं. तिच्या वेळी तिच्या आईनंही तसंच केलं होतं, गावात सगळ्याच करत होत्या. आत शेकाची शेगडी, ओव्याची धुरी. बाहेर अंगणात हरिबाला रतनचा खोकला ऐकू येत होता. तो दाराशी गेला, तर बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीत डोकवायचं नसतं म्हणून सासूनंच त्याला माघारी लावलं. सकाळी रतन गेल्यावर त्या धुरकट खोलीत शिरताच वाऱ्यासाठी त्याचा हात झरोक्याकडं गेला... आणि बोटांना ओलं लिंपण लागलं. तेव्हाच त्याला सगळं कळलं होतं. त्यानंतर सरणापाशी बनाबाईनं छाती पिटून त्याच्याच नावानं बोटं मोडली, आणि त्यानं मान खाली घातली, ती आजतागायत.

"काय दडवताय पायाखाली?"

दारात बनाबाई उभी होती. होळीपर्यंतही तिला धीर निघाला नव्हता. पोरांचे कपडे न्यायला बगलेत रिकामी टोपली होती.

"काय न्हाई, मामी. चिंधी हाय."

पण ती वाकली. बोळा उलगडत गेला, तांबडा काठ दिसला. आपला काठ तिनं ओळखला. मग भिंतीतलं भोक पाहिलं, मग तळव्याला लागलेली काजळी पाहिली.

"तुमाला ठावं व्हतं?"

हरिबानं पहार भिंतीला टेकवली.

"एवढं लोक तुमच्या तोंडावर थुकलं... मीबी थुकले. बोलला का न्हाईस, लेकरा?"

जावयाला कधी एकेरी न बोललेली ती बाई एकेरीवर आली, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"रतन तर गेलीच व्हती, मामी," हरिबा हलकेच म्हणाला. "तुमालाबी कुठं घालवू?"

बनाबाईच्या तोंडून रडणं आलं नाही. भिंतीला धरून ती खाली बसली आणि पारूनं दिलेलं पाणी तिनं तसंच बाजूला ठेवलं. मग उठली, रिकामी टोपली शेणामातीनं भरून आणली, आणि हरिबानं गज बसवल्यावर बाहेरच्या बाजूनं खिडकीचा काठ लिंपायला लागली. आत या म्हणून हरिबानं दोनदा सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

पोरं बापापाशीच राहिली. बनाबाई दर बाजाराला येत गेली, पण त्या खोलीचा उंबरा तिनं पुन्हा कधी ओलांडला नाही. उन्हात, खिडकीबाहेर दगडावर बसायची. आतून गेनू गजांना धरून उभा राहायचा, आणि ती भाकरीचा घास मोडून, गजांमधून हात घालून, त्याच्या तोंडात द्यायची.