थोडंसं दुखतंय

भाकरीचं पीठ मळून होतंय न होतंय तोच वैजयंताची मान बोलली.

"नमस्कार, वैजयंताताई. आत्ता किती दुखतंय?"

मान म्हणजे खरं तर मानेवरची पट्टी. मोठ्या टिकलीएवढी, कातडीच्याच रंगाची, अंबाड्याखाली चिकटवलेली. सांगितल्याशिवाय दिसायचीही नाही. पण आवाज असा खणखणीत, की बातम्या सांगणाऱ्या बाईनं तिच्याकडं शिकवणी लावावी! तिच्या सासूची, आत्याबाईंची, चहाची बशी ओठांपाशी थांबली. दूध घालायला आलेली सुमनाक्का माप हातात धरून उंबऱ्यातच उभी राहिली. वाघजाईवाडीत कुणाची मान बोलली म्हणून आता कुणी दचकत नसे. पण जिची मान, ती उत्तर काय देते, ते ऐकायला मात्र सगळ्यांना आवडायचं.

"थोडंसं," वैजयंता म्हणाली.

"धन्यवाद. आपली ओळख आज पूर्ण झाली."

गेले पंधरा दिवस, दिवसातून तीनदा, हाच प्रश्न. हे पंचेचाळिसावं उत्तर. कधी "थोडंसं", कधी "बरंय", कधी नुसतंच "चालायचंच". सासूसमोर, शेजारणीसमोर, दुसरं काय बोलणार? आजारी माणसाला भेटायला गेलं तरी ते उठून बसतं, पदर सारखा करतं आणि "आता बरंय" म्हणतं. मानेला विचारलं म्हणून रीत थोडीच बदलते!

अकरा महिन्यांपूर्वी बेदाण्याच्या शेडवर भरलेल्या क्रेटची थप्पी कलली. वरचा क्रेट वैजयंताच्या मानेवर आला. आता शेडवर बेदाणा निवडायला कॅमेऱ्याचं यंत्र होतं, ते रंग बघायचं, आकार बघायचा. पण यंत्राच्या नजरेतून सुटलेली काडी आणि खडा टिपायला शेवटी बायकाच लागायच्या. आठ तास बेदाणा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहायचं आणि आठही तास मान खाली.

मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "मणक्यातली गादी सरकलीय. आता मान वाकवून काम केलंत, तर उजवा हात कायमचा जाईल."

तेव्हापासून घरात कितीतरी गोष्टी गुपचूप बदलल्या होत्या. परात जमिनीवरून उंच स्टुलावर गेली होती. तांब्या वर धरून घटाघटा पाणी पिणं बंद झालं होतं, कारण मान मागं जायचीच नाही. कुणी हाक मारली की वैजयंता मान वळवायची नाही, अख्खी वळायची, एसटी वळते तशी. रात्री मानेखाली टॉवेलची गुंडाळी. आणि हे सगळं बाहेरून कुणालाच दिसायचं नाही. प्लास्टर नाही, काठी नाही, टाका नाही. "दिसत तर न्हाई काय," असं बायका म्हणायच्या, आणि त्यांचंही खरंच होतं.

म्हणून तर शेडवर डॉक्टरांची चिठ्ठी चालायची नाही, आणि म्हणूनच ही पट्टी आली होती. न दिसणारं दुखणं अंकात दाखवायला. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होणार नाही इतकं. गुरुवारी कामगार आरोग्य केंद्रात तपासणी. अंक पाचाच्या वर असेल तर बसून काम : डोळ्यांसमोरच्या पडद्यावर पेट्यांचे शिक्के तपासायचे, मान सरळ. पाच किंवा कमी असेल तर सोमवारपासून परत पट्ट्यावर.

वैजयंतानं पट्टीला जोडलेला मनगटावरचा छोटा पडदा बघितला. अंक उमटला होता.

दोन.

"दोन? अगं बाई, बरंच की मग!" सुमनाक्का माप ओतता ओतता म्हणाली.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. "आम्ही तीस वर्सं द्राक्षाच्या पाट्या वाहिल्या डोक्यावरनं. कुणी इचारलं न्हाई, किती दुखतंय म्हणून."

वैजयंतानं मनगटाकडं परत बघितलं. दोन. मग रात्री कूस बदलताना दात घट्ट आवळावे लागतात, ते काय उगीच? आपल्यालाच जास्त वाटतंय की काय? तिला स्वतःचीच लाज वाटली. यंत्र कशाला खोटं बोलेल!

संध्याकाळी शेजारचा महिपती आला. शेडवरच टेम्पो चालवायचा. मागल्या महिन्यात खड्ड्यात टेम्पो आदळून त्याच्या मानेला हिसका बसला होता, आणि तेव्हापासून गावात त्या हिसक्याइतकी दुसऱ्या कशाचीच चर्चा नव्हती.

"वैनी, सात!" मनगट उंच धरून तो दारातूनच ओरडला. "सात आलाय माझा! बसून काम मिळणार!"

"लगीन ठरल्यागत सांगताय काका," स्वरांजली म्हणाली. वैजयंताची लेक, दहावीत, तोंडानं फटाकडी. तिचे बाबा द्राक्षांच्या गाडीबरोबर महिनाभर कोचीला गेलेले, त्यामुळे घरात सध्या तिचंच राज्य होतं. "आणि सात दुखत असताना उंबऱ्यावरनं उडी कशी मारलीत?"

"अगं, मारली आणि मेलो की! आई आई गं!" महिपतीनं लगेच मान धरली.

स्वरांजली हसता हसता थांबली. आईच्या मनगटाकडं बघितलं, काकांच्या मनगटाकडं बघितलं. मग आत जाऊन शाळेचा टॅबलेट घेऊन आली. "दोघंही इथं बसा. हलायचं नाही."

"काय करतीस?"

"पट्टीच्या आत जाऊन बघते. शास्त्राच्या बाईंनी शिकवलंय. हे बघ आई, पट्टी हाड मोजत नाही, रक्त मोजत नाही. मानेतल्या मज्जातंतूंतून विजेचे बारीक बारीक संदेश मेंदूकडं जातात ना, ते ऐकते. त्याच्या अशा लहरी होतात."

पडद्यावर दोन रेषा धावायला लागल्या. वरची महिपतीची. शेतातल्या बांधासारखी, जरा वर, जरा खाली. खालची वैजयंताची. ती रेषा वर चढली ती चढतच गेली, खाली येते म्हणेपर्यंत परत चढली. डोंगरामागून डोंगर.

"उलटं लागलंय तुझं यंत्र," महिपती म्हणाला.

"नाही काका. हा बांध तुमचा सात. आणि हा सह्याद्री आईचा दोन."

महिपतीनं वाकून दोन्ही रेषा परत बघितल्या. मग स्वरांजली हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू आवाजात बोलली की घरात सगळ्यांचं लक्ष जायचं, "संदेश पट्टीला ऐकू येतात. पण कितीला किती म्हणायचं, हे तिला माणसानंच शिकवायचं असतं. ओळखीचे पंधरा दिवस त्यासाठीच होते. काकांनी शिकवलं, एवढूसं झालं की 'मेलो'. आणि तू शिकवलंस, डोंगर कोसळला तरी 'थोडंसं'. ती तेच शिकली गं आई. शहाण्या मुलीसारखी."

"मी काय फसवलं न्हाई हां," महिपती पडेल आवाजात म्हणाला. "मला खरंच दुखतंय."

"दुखत असंल की, भाऊजी," वैजयंता म्हणाली. "तुम्हाला बोलता येतं, एवढंच."

गुरुवारी केंद्रात बाकं भरलेली होती. शेडवरच्या ओळखीच्या बायका, प्रत्येकीच्या अंबाड्याखाली एकेक टिकली. स्वरांजली टॅबलेट छातीशी धरून आलेली. आणि आत्याबाईही आल्या होत्या, कारण सून कचेरीत एकटी जाते हे त्यांना पटत नव्हतं.

डॉक्टर मगदूम तरुण होत्या. त्यांनी लहरी नीट बघितल्या. स्वरांजलीला बसायला खुर्ची दिली. आणि मग नकारार्थी मान हलवली.

"छान काम केलंयस. पण एकाच्या लहरीची दुसऱ्याशी तुलना नाही करता येत. कातडी वेगळी, मज्जातंतू वेगळे. मोठी लहर म्हणजे मोठं दुखणं, असं नसतं. म्हणून तर माणसाच्या शब्दांवर अंक बसवलाय. आणि या ताईंचे शब्द," त्यांनी पडद्यावर बोट फिरवलं, "पंचेचाळीस वेळा, थोडंसं, बरंय, चालायचंच."

"पण मॅडम, ती थोडंसंच म्हणते! डिलिव्हरीला जातानाही रिक्षावाल्याला म्हणाली, सावकाश चला, काही घाई नाही!"

डॉक्टर हसल्या. मग गंभीर झाल्या. "एक वाट आहे. इथं, माझ्यासमोर, ओळख पुन्हा करता येते. एकदाच. पण बोलायचं फक्त ताईंनी. दुसऱ्या कुणी एक शब्द जरी सुचवला, तरी जुना अंक कायम."

"आई, सरळ दहा सांग!"

"स्वरू!" वैजयंता म्हणाली. "दहा म्हणजे तू झालीस तेव्हा. खोटं कशाला सांगू?"

"आता एक शब्दही नाही," डॉक्टरांनी स्वरांजलीला दटावलं. स्वरांजलीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. असं तिनं जन्मात पहिल्यांदाच केलं असेल.

पट्टीतून आवाज आला. "नमस्कार, वैजयंताताई. आत्ता किती दुखतंय?"

वैजयंताचे ओठ हलले. जिभेवर तोच शब्द येऊन बसला होता, अकरा महिने बसायचा तसा. समोर डॉक्टर. डाव्या हाताला आत्याबाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, ताठ. सोमवारी पट्ट्यासमोर उभं राहायचं की नाही, ते आता या एका उत्तरावर होतं.

"मला अंक न्हाई सांगता येत," ती म्हणाली.

"तुमच्या शब्दांत सांगा," पट्टी म्हणाली.

"सकाळी उठताना... आधी हातानं डोकं धरायचं. केस धरून उचलते मी डोकं. नुसत्या मानेनं न्हाई उचलत." ती थांबली. कुणीच काही बोललं नाही, म्हणून पुढं बोलावंच लागलं. "न्हाताना केसांवर पाणी घ्यायला मान वाकवली, की डोळ्यापुढं काळं येतं. म्हणून मी दोन दोन आठवडे डोक्यावरनं न्हात न्हाई. सगळ्यांना सांगते, सर्दी झालीय. स्वरूनं परवा मागनं हाक मारली. मी वळलेच न्हाई. ती रुसली. मला ऐकू आलं होतं. पण वळायचं म्हणजे काय काय करायला लागतंय, ते आधी मनात ठरवायचं, मग वळायचं. तोवर ती गेली."

स्वरांजलीच्या हातांवरून पाणी ओघळलं. हात तिनं काढले नाहीत.

"आणि ही करंगळी." वैजयंतानं उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळीच्या कडेला काळपट, सुकलेला डाग होता. "हिला काय कळतच न्हाई आता. भाकरी उलटताना तव्याला टेकलेली होती. वास आला तेव्हा समजलं. मला वाटलं, भाकरीच करपली."

आत्याबाईंनी त्या बोटाकडं बघितलं. रोज त्याच हातची भाकरी खात होत्या त्या.

"आत्ता," वैजयंता म्हणाली, "इथं ह्या खुर्चीत बसलेय, तर मानेपासनं कोपरापर्यंत कुणीतरी तापलेली तार ओढतंय. मी बोलतेय म्हणून ती जरा विसरलेय. गप्प बसले की परत येईल. दहा न्हाई. पण रोज हाय. झोपेतपण हाय. एवढंच."

ती गप्प बसली, आणि बहुतेक तार परत आली, कारण तिनं डोळे मिटले.

पट्टीनं बराच वेळ घेतला. एवढी लांब उत्तरं ऐकायची तिला सवयच नसावी. मनगटावरचा दोन पुसला गेला. तीन आला, पाच आला, थबकला, आणि आठवर येऊन थांबला.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : बसून काम, मान सरळ, तीन महिन्यांनी फेरतपासणी. वैजयंतानं ते दोनदा वाचलं. सोमवारी आता पट्ट्यासमोर उभं राहायचं नव्हतं. दुखणं तसूभरही कमी झालेलं नव्हतं, तरी ती अकरा महिन्यांत बसली नव्हती इतकी सैल खुर्चीत बसली.

डॉक्टर मात्र पडद्याकडंच बघत होत्या. तालुक्यातल्या सगळ्या शेडची यादी त्यांनी उघडली होती. पुरुषांच्या नावांपुढं सहा, सात, पाच. बायकांच्या नावांपुढं दोन, एक, दोन, दोन, एक. त्यांचं बोट खाली सरकत राहिलं, तरी यादी संपेना.

"आणि मी यातल्या एकशे बारा जणींना परत पट्ट्यावर पाठवलंय," त्या म्हणाल्या. त्या कुणाला सांगत होत्या, ते कळलं नाही.

"त्या बाहेर बसल्यात त्यांना विचारू मॅडम? मी विचारते!" स्वरांजलीचे हात एकदाचे तोंडावरून सुटले, आणि ती दाराकडं धावलीसुद्धा.

वैजयंता उठायला लागली, तेव्हा कुणीतरी तिच्या मानेला मागून हळूच आधार दिला. खडबडीत तळवा, जाड बोटं. आत्याबाई. त्या सुनेकडं बघत नव्हत्या. टेबलावरच्या डब्यात अजून कुणाला न लावलेल्या नव्या पट्ट्या होत्या, त्यांच्याकडं बघत होत्या.

"डॉक्टरबाई," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज वैजयंतानं कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "हे मला लावलं, तर मागल्या तीस वर्सांचंबी सांगतंय का हो?"