दुसरी मेघा गजभिये

"हळू चढ बे, वरती काचा लावल्या आहेत," मयुरी खालून म्हणाली.

अश्विनने भिंतीवर पोतं टाकलं आणि पलीकडे उडी मारली. त्याच्यामागून त्याची मोठी बहीण मेघा आली, मग तिची मैत्रीण मयुरी. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज अशीच शाळेत शिरत. जरीपटक्याच्या बस्तीत मे महिन्याच्या उन्हात खेळायला सावली मिळायची ती त्यांच्या सरकारी शाळेच्या कडुनिंबाखालीच.

आज मात्र पुढचं फाटक सताड उघडं होतं. आत एक पिवळी बस उभी होती आणि तिच्यातून मुलं खोकी उतरवत होती. त्यांच्या अंगावर याच शाळेचा गणवेश होता. नवाकोरा, घड्याही न मोडलेला.

"हे कोण आहेत?" अश्विन म्हणाला. "आपल्या शाळेतलं तर एकही पोरगं नाही यात."

"नवीन ॲडमिशन असतील," मेघा म्हणाली.

"सुट्टीत? अन् सगळ्यांचे बूट पाहा. आपल्या शाळेत कोणाजवळ आहेत असे?"

तिघं जिन्याने वर गेली आणि टोकाच्या वर्गाच्या जाळीला डोळे लावून उभी राहिली. आत टेबलांवर मायक्रोस्कोप मांडले जात होते. तारा जोडलेल्या छोट्या गाड्या होत्या, चुंबकं होती, भिंगं होती. मोठे सर, म्हणजे हेडमास्तर, मुलांना सांगत होते, "उद्या पुण्याहून तपासणीला मॅडम येतील. नाव विचारलं की अडखळायचं नाही."

एक मुलगी रिकामी बाटली घेऊन बाहेर आली आणि इकडेतिकडे पाहू लागली.

"नळ मागच्या बाजूले आहे. चल, दाखवते," मयुरी म्हणाली. नळाशी पोचल्यावर तिने विचारलं, "नाव काय वं तुझं?"

मुलगी क्षणभर थांबली. "मेघा. मेघा देवराव गजभिये."

अश्विनला हसू फुटलं. मग त्याने बहिणीकडे पाहिलं.

"देवराव माझे बाबा आहेत," मेघा म्हणाली. "मेघा मी आहे."

मुलीच्या हातातली बाटली नळाखाली भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. तिचं खरं नाव रितिका. ती एका खासगी शाळेत शिकत होती आणि मोठ्या सरांच्या मेहुण्याच्या ट्यूशन क्लासला जात होती. सरकारी शाळांतल्या हुशार मुलांसाठी या शाळेत प्रज्ञा वर्ग निघाला, पण त्याचं सगळं सामान त्या क्लासमध्येच होतं. तेव्हापासून रितिका आणि तिचे मित्र ते वापरत होते.

"निवड झालेली मुलं शाळा सोडून गेली, असं आम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "म्हणून तपासणीपुरती त्यांची नावं घ्यायची."

"आम्ही कुठं गेलो? इथंच तर आहो," मयुरी म्हणाली.

हिवाळ्यात मेघाने त्या वर्गाची परीक्षा दिली होती. सरांनी सांगितलं होतं, आपल्या शाळेतून एकाचाही नंबर लागला नाही. ती दोन वेळा जेवली नव्हती. ऑटो चालवणाऱ्या बाबांनी समजूत घातली होती, "जाऊ दे माय. आपल्या घरात कोणाचंच डोकं त्या लाइनीचं नाही." तेव्हापासून पेपरातली कोडी सोडवणं तिने बंद केलं होतं.

"उद्या तूपण ड्रेस घालून ये," मयुरी तिला म्हणाली. "पुढचं मी पाहते."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या मॅडमनी हाक दिली, "मेघा गजभिये." दोन मुली उभ्या राहिल्या. एक कडक इस्त्रीच्या गणवेशात, दुसरी विटक्या.

"ही बस्तीतली पोरगी आहे, मॅडम," मोठे सर घाईने म्हणाले. "अशीच घुसते."

मॅडमनी दोघींना मायक्रोस्कोपजवळ बोलावलं. "यात चित्र स्पष्ट कसं करायचं?"

रितिकाने सरांकडे पाहिलं आणि खाली मान घालून सगळं बरोबर सांगितलं. मेघा त्या यंत्राकडे बघत राहिली.

"मले नाही येत," ती म्हणाली. "मी हे पहिल्यांदाच पाहून राहिली."

मागे कोणीतरी हसलं. मोठ्या सरांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात दारातून मयुरी म्हणाली, "मॅडम, या बसमधल्या पोरींना विचारा, मुलींचं बाथरूम कुठं आहे?"

सर ओरडले, पण मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि रितिकाला तेच विचारलं. तिने खिडकीतून खालच्या पाटी लावलेल्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिथं कोणीच जात नाही," मेघा म्हणाली. "आत मोडके बाक भरून ठेवले आहेत. आम्ही समोरच्या मीराबाईंच्या घरी जातो."

मॅडम स्वतः खाली गेल्या. दार ढकललं तर ते अर्धंच उघडलं आणि एका बाकाचा पाय बाहेर आला. त्या वर परतल्या तेव्हा रितिका रडत होती. कोणी विचारायच्या आधीच तिने आपलं खरं नाव सांगितलं.

संध्याकाळपर्यंत मोठ्या सरांना घरी बसवल्याची बातमी पसरली. बस्तीत तिघांचा सत्कार झाला. "पोरांनी नाव काढलं," असं जो तो म्हणत होता. देवराव मात्र मागे उभे होते. मेघा जवळ आली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू पास झाली होती माय, अन् मीच तुले तसं बोललो."

दोन दिवसांनी सामान न्यायला टेम्पो आला. मेघा धावत शाळेत गेली. मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "फार धाडसाची मुलगी आहेस तू."

"वर्ग कधी सुरू होईल मॅडम?"

"आता चौकशी होईल. तोवर बंद."

"मग एकदा पाहू का त्याच्यातून? एकदाच."

मॅडम खोक्यांकडे वळल्या. त्यांवर लाखेचे लाल ठिपके होते. "सील झालंय बेटा. हात लावता येणार नाही."

टेम्पो निघाला. जबाब द्यायला आईबरोबर आलेली रितिका फाटकाशी उभी होती. मेघा तिच्याजवळ गेली.

"त्याच्यात काय दिसते?"

"कांद्याचा पापुद्रा ठेवायचा," रितिका हळू आवाजात म्हणाली. "मग विटांची भिंत असते ना, तसं दिसतं. प्रत्येक विटेत एक ठिपका."

"रंग कसा?"

रितिका सांगू लागली. मेघाने डोळे मिटून घेतले आणि ती ऐकत राहिली.