एक दीर्घ चूक

"काकू, पंखा जरा इकडे फिरवा ना…"

टेबलाखालून दोन पाय बाहेर आले होते आणि त्या पायांनी मला काकू म्हटलं होतं. मला! वय वर्षं सव्वीस, केस कालच स्ट्रेट केलेले, हातात परत द्यायची कादंबरी.

"काकू आत चहा करतायत," मी म्हटलं. "मी आश्लेषा."

धाडकन आवाज झाला. टेबलाला डोकं आपटून जो मुलगा बाहेर आला त्याच्या नाकावर धूळ होती, आणि डोळे… असो. डोळ्यांचं नंतर सांगते.

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळाचं वाचनालय म्हणजे नीलाकाकूंचं गराज. अकराशे पुस्तकं, एक पंखा आणि पंचवीस वर्षांचा पिवळट कॉम्प्युटर. पुस्तकांची यादी त्याच्या पोटात, आणि तो तर सुरूच होईना. काकू महिन्याभरात मुलाकडे डॅलसजवळ फ्रिस्कोला राहायला चालल्या होत्या. पुस्तकं घराघरांत वाटायची, पण यादी नसेल तर कोण कुठलं परत देणार? म्हणून काकूंनी ह्याला पकडून आणलं होतं. श्रीरंग. मूळचा नागपूरचा, ह्यूस्टनला पीएचडी करणारा.

"विंडोजच्या जागी लिनक्स टाकून राहिलो यात," तो म्हणाला.

"टाकतोयस की राहतोयस?" मी पुण्याची.

"दोन्ही," तो डोकं चोळत म्हणाला. "या मशीनला आता कोणीच सपोर्ट करत नाही. नवं लिनक्स तर याचं तोंड पाहून दार लावून घेते. जुनं शोधलं. तुम्ही… तू जरा बोट देशील?"

सीडीचा ट्रे सारखा बाहेर यायचा. एकानं तो बोटानं दाबून धरायचा, दुसऱ्यानं टाइप करायचं. चाळीस मिनिटं!

"माझं बोट बधिर झालं," मी शेवटी म्हटलं.

"मी धरतो."

त्याचं बोट माझ्या बोटावर आलं. आता मी माझं काढायला हवं होतं… पण वर बघितलं, आणि ते डोळे — सांगते म्हटलं होतं ना — चहाच्या रंगाचे, हसायच्या अगदी बेतात असलेले. स्क्रीनवर सत्त्याण्णव टक्के आले आणि मशीन तिथेच अडकलं.

"अरेरे," श्रीरंग म्हणाला. इतक्या आनंदानं अरेरे म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता.

असे चार शनिवार गेले. दर वेळी नवा एरर. "एरर दिसला की फोटो काढायचा," हा त्याचा हुकूम. चौथ्या शनिवारी लिनक्स चढलं, यादी उघडली, काकूंनी साखर वाटली. मला मात्र रडू येत होतं. पुढच्या शनिवारी काकूंचं सामान हलणार. मग गराज नाही, ट्रे नाही…

"आश्लेषा, एक…" तो निघताना म्हणाला.

"काय?"

"एक स्क्रू राहिला," असं म्हणून तो परत आत गेला आणि बराच वेळ कीबोर्ड बडवत बसला.

शेवटच्या शनिवारी तो भाड्याचा ट्रक आणायला गेला. यादी कॉपी करायचं काम माझ्याकडे. मी मशीन सुरू केलं, तर काळ्या स्क्रीनवर एकच ओळ! इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस, डॉलर… नुसता कचरा. पुढे काही हलेना. गेली यादी! श्रीरंग ड्राइव्ह करत होता, फोन उचलत नव्हता. मी फोटो काढला आणि मंडळाच्या दोनशे चौदा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला : 'अर्जंट! हा एरर कुणाला कळतोय का?'

संजय म्हणाला, बॅटरी गेली. प्रीता म्हणाली, बंद करून चालू कर. मग जगन्नाथकाका आले. मंडळाचा दिवाळी अंक अकरा वर्षं त्यांनी एकट्यानं टाइप केलेला.

'चि. आश्लेषा, हा एरर नाही. हा आपला जुना मराठी फॉन्ट. फॉन्ट नसला की असा दिसतो, मला तसाच वाचता येतो. मजकूर : काकू म्हणालो ही चुक झाली. जन्मभर आश्लेषा म्हणेन. चालेल का?'

खाली आणखी एक मेसेज : 'चूक दीर्घ हवी.'

मग ग्रुपवर लोकांनी जो धुमाकूळ घातला! नीलाकाकू हातात गाळणं घेऊन धावत आल्या. "चालेल ना गं? ट्रकवाल्याला थांबवून धरते मी."

"काकू, ट्रक तोच आणतोय!"

बाहेर ट्रक पीं-पीं करत रिव्हर्स येत होता. श्रीरंग उडी मारून उतरला, खिशातला थरथरणारा फोन काढून वाचला, आणि मानेपासून वर लाल होत गेला.

"यादीच्याच फॉन्टमध्ये टाइप केलं तेव्हा नीट मराठी दिसत होतं," तो पुटपुटला. "सुरुवातीच्या स्क्रीनला फॉन्टच नसते… विसरलो."

"आणि यादी? ती गेली ना?"

"नाही नाही, एंटर दाब, येते. ती तर… डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावली असती तर पहिल्याच दिवशी दहा मिनिटांत मिळाली असती."

"मग चार शनिवार माझं बोट—"

"तेच तर," तो म्हणाला. हळूच.

मी खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "बस. चूक दीर्घ कर."

"पण… चालेल का?"

"आधी दीर्घ कर. जन्मभर बघायचंय मला ते."

ते मशीन आता आमच्या हॉलमध्ये आहे. सुरू व्हायला चार मिनिटं घेतं आणि रोज तीच कचऱ्याची ओळ दाखवतं. परवा पास्ता उकळेपर्यंत मी त्यावर दोन ओळी लिहायला बसले, तर आमच्या दीड वर्षाच्या चैत्रालीनं मांडीवरून दोन्ही पंजे कीबोर्डवर आपटले. अक्षरं, टक्के, डॉलर… मी फोटो काढून जगन्नाथकाकांना पाठवला.

लगेच उत्तर आलं : 'अर्थ लागत नाही. पण शुद्धलेखनाची चूक एकही नाही. वडिलांपेक्षा प्रगती आहे.'